अण्णांनी मिटवलेलं कर्ज

सासरी माझ्या पगारावर सगळ्यांचा डोळा होता, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पगार किती, हेही कुणी कधी विचारलं नाही. डोळा होता तो माझ्या सहीवर.

मी कर्नाटकाच्या हद्दीतल्या कमलनगरच्या मराठी शाळेत शिकवत होते. नवऱ्याचं बाजारात पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. आम्ही दोघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. सासू-सासरे आणि थोरले दीर, म्हणजे अण्णा, खेड्यात शेतावर. घरात बारा महिने पगार येणारी मी एकटीच. कर्ज देणाऱ्यांच्या दारात पगारदार माणूस म्हणजे काय चीज असते, हे मला ठाऊक नव्हतं. अण्णांना ते माझ्या लग्नाआधीपासून ठाऊक असावं असा मला आता संशय येतो. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "नोकरी परमनंट हाय ना?"

त्या वर्षी येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही सगळे शेतात होतो. कडब्याची खोपीसारखी कोप घातलेली, आत पूजेला पाच दगडांचे पांडव मांडलेले, बाहेर लिंबाखाली भज्जी-आंबिलीची जेवणं चाललेली. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. मान राखायची ती रीत आहे म्हणतात. अण्णांनी ती रीत अगदी मनापासून पाळली. त्यांनी आंबिलीच्या मडक्याकडे बघत माझ्या नवऱ्याला सांगितलं, "मास्तरणीला म्हण, एक सही पायजे."

"कशाची सही, अण्णा?" नवऱ्यानं विचारलं.

"जीप घ्यायलोय. उदगीरची फायनान्स कंपनी कर्ज द्यायलीय. जामीनदार पगारदार पायजे म्हनायलेत."

मी भाकरी मोडता मोडता विचारलं, "हप्ता कोण भरणार?"

सगळ्यांचे घास थांबले. चुलत सासरे, त्यांच्या सुना, शेजारच्या शेतातले पाहुणे, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जणू पांडवांनाच पाय लावला होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "कामून? अण्णा भरंल की. सनासुदीला असं कामून बोलायलीस?" सासरे म्हणाले, "दे की गं माय. घरचीच गाडी हाय." नवरा त्याच्या भावासमोर कधीच उलट बोलत नसे. आयुष्यभर जळालेल्या तारा उकलून परत गुंडाळण्यात त्याचा सगळा धीर खर्च होत असावा.

आठवड्यानं आम्ही उदगीरला गेलो. कंपनीच्या माणसानं सह्यांच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या मारून ठेवल्या होत्या. अण्णांच्या वाट्याला थोड्या आल्या, माझ्या वाट्याला ढीगभर. कर्ज कुणाकडून वसूल करायचं ते कंपनीनं त्या दिवशीच ठरवलं होतं. आमच्या घरात ते कुणाला कळलं नाही, कारण सगळे कंपनीच्या दारात उभ्या असलेल्या जीपकडे बघत होते.

जीप गावात आली. चाकांखाली लिंबं चिरडली, बॉनेटला हार घातले. सुरुवातीला अण्णांनी खरंच कष्ट केले. सकाळी कमलनगरहून खेड्यांची माणसं भरायची, औरादच्या बाजाराला सोडायची, संध्याकाळी परत आणायची. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या फळीवर लोंबकळणारी माणसं. पैसा यायचा. हप्ते जायचे.

मग निवडणूक लागली. माणसं वाहणाऱ्याला लोक ड्रायव्हर म्हणतात आणि पुढारी वाहणाऱ्याला कार्यकर्ता, हा शोध अण्णांना तेव्हा लागला. ड्रायव्हर राहणं त्यांना परवडण्यासारखं होतं, आवडण्यासारखं नव्हतं. जीपला झेंडा लागला. काचेवर उमेदवाराचा हात जोडलेला फोटो चिकटला. त्यामुळे अण्णांना समोरचा रस्ता अर्धाच दिसायचा. डिझेल उमेदवाराचं, ढाब्यावरचं जेवण उमेदवाराचं, हप्ता कुणाचाच नाही. उमेदवार पडला. अण्णांचं वजन मात्र वाढलं, कारण पडलेल्या उमेदवाराबरोबर फोटो काढलेला दुसरा माणूस आमच्या गावात नव्हता. निवडणूक संपल्यावरही त्यांनी प्रवासी भरले नाहीत. कार्यकर्त्याला ते शोभत नाही.

हप्ते थकल्याचं मला शाळेत कळलं. मी सातवीला इतिहास शिकवत होते. शिपाई बोलवायला आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत घट्ट टी-शर्ट घातलेले दोन दांडगे तरुण पाय पसरून बसले होते. एकानं गॉगल काढायची तसदी घेतली नाही.

"मॅडम, गाडी का हप्ता कैकू नै भरे?"

मी म्हटलं, "गाडी माझी नाही. माझ्या दिराची आहे."

"हौ, मालूम है. गाडी उनकी, दस्तखत आपकी." मग तो मुख्याध्यापकांकडे वळला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "सर, मॅडम की पगार किस बँक में जमा होती?"

ते गेल्यावर मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, शाळेत असले लोक येणं बरं दिसत नाही." त्यांनीच आदल्या उन्हाळ्यात माझ्याकडे त्यांच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरसाठी जामिनाचा विषय काढला होता. तेव्हा मी दिराचं कारण सांगून सुटले होते. अण्णांचा मला झालेला तो एकमेव उपयोग.

गाडी भर बाजारच्या दिवशी ओढून नेली. आत माणसं भरलेली होती, कारण हप्त्याच्या भीतीनं अण्णांनी त्या दिवसापुरता पुन्हा धंदा सुरू केला होता. कंपनीच्या माणसांनी सगळ्यांना उतरवलं. कुणाची कोंबडी, कुणाचं खताचं पोतं, कुणाची आजारी सासू, सगळं रस्त्याकडेला. एक म्हातारी अण्णांच्या सदऱ्याला धरून म्हणाली, "माझं भाडं माघारी दे." अण्णांनी दिलं. त्या सगळ्या व्यवहारात त्यांनी स्वतःच्या खिशातून परत केलेले पैसे तेवढेच.

गाडी लिलावात निघाली, मातीमोल गेली. उरलेल्या बाकीच्या नोटिसा माझ्या नावानं येऊ लागल्या. पोस्टमन आधी दुकानात नवऱ्याला वाचून दाखवायचा, मग मला द्यायचा. शेवटी मी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली, नवऱ्यानं दुकानातली तांब्याची तार विकली. ते पैसे अण्णांच्या हातात दिले, कारण कंपनीशी बोलायला घरातला थोरला पुरुष जायला पाहिजे असं आत्याबाईंचं म्हणणं होतं. अण्णा कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून उदगीरला गेले आणि संध्याकाळी पेढ्यांचा खोका घेऊन परतले.

"मिटवलं!" ते ओट्यावरूनच ओरडले. "अर्ध्यात मिटवलं! सायब म्हनला, तुमच्यासारखा बोलनारा मानूस बघितला न्हाई."

सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही खाल्ला. पेढ्याचे पैसेही माझ्याच उचलीतून गेले होते, हे नंतर हिशेबात निघालं. कंपनीच्या पत्रात इंग्रजीत लिहिलं होतं, खातं 'सेटल' झालं. मला तो शब्द चांगला वाटला. आमच्याकडे पुण्याला नोकरी लागलेल्या मुलाला सेटल झाला म्हणतात आणि त्याच्या घरी मुलींचे फोटो जायला लागतात.

पुढची काही वर्षं काटकसरीत गेली. शिक्षकांच्या सोसायटीतून बीदरजवळ नौबादला एक प्लॉट घेतला. त्यावर दोन खोल्या बांधाव्यात म्हणून बीदरच्या एका बँकेत गृहकर्जाचा अर्ज केला. मॅनेजर तेलंगणाकडचा होता, हिंदीत बोलायचा. आधी त्यानं चहा मागवला. मग कॉम्प्युटरवर काही बघितलं. चहा आला तेव्हा तो नुसता माझ्यासमोर ठेवला गेला. मॅनेजरचं आग्रह करण्याचं मन राहिलेलं दिसलं नाही.

"मॅडम, ये सेटल्ड क्या है?"

मी अभिमानानं सांगितलं, "वो मिट गया, साहब. पूरा."

त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवला. "पूरा दिया होता, तो 'क्लोज्ड' लिखा होता. सेटल्ड का मतलब, पार्टीने आधा डुबाया, और कंपनीने रोते रोते मान लिया." मग त्यानं मला स्कोअर म्हणजे काय ते सांगितलं. मुंबईत कुठेतरी सगळ्या देशातल्या कर्जदारांची नोंद असते. प्रत्येकाला मार्क असतात. माझे नापासातले होते. मी स्वतः वर्गात मुलांना नापास करणारी बाई, पण कोणता प्रश्न चुकला ते त्यांना निदान सांगायची. माझा कोणता चुकला, मी विचारलं. तो म्हणाला, "आपने किसी और का पेपर लिखा, मॅडम."

परतीच्या बसमध्ये मला रडू आलं नाही. हसूच आलं, आणि ते बरं हसू नव्हतं. आमच्या बाजारातला किराणावाला शेठ वीस वर्षं मला सामान देत होता, पण वहीत नाव नवऱ्याचं. गॅसची टाकी नवऱ्याच्या नावावर. भाड्याच्या खोल्या नवऱ्याच्या. गावातल्या जुन्या पतव्यवहाराचे गोडवे गाणारे लोक मला नेहमी भेटतात, शब्दावर व्यवहार चालायचे म्हणतात. चालायचे, पुरुषांच्या शब्दावर. देशात कुणीतरी कुठेतरी निव्वळ माझ्या नावानं पहिल्यांदा काही लिहून ठेवलं, आणि ते होतं अण्णांचं कर्तृत्व.

मी खेड्यात गेले. अण्णा ओट्यावर बसले होते. दारात दुसरी जीप उभी होती, ही माझ्या जावेच्या नावावर घेतलेली, जामीन जावेचा भाऊ. मी आत्याबाईंना सगळं सांगितलं, अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात. अण्णा भिंतीला उद्देशून म्हणाले, "मास्तरणीला म्हनावं, कॉम्प्युटरवाल्याला काय कळतंय? मी मिटवलंय ते. अर्ध्यात."

"म्हणूनच," मी म्हटलं.

"आता ह्यात माझं काय चुकलं, सांगा की कुनीतरी," अण्णा म्हणाले. जावेनं चहा आणला.

मॅनेजरनं उपाय सांगितला होता. उरलेली अर्धी रक्कम भरायची, 'क्लोज्ड' लिहून घ्यायचं, मग नव्यानं थोडं थोडं कर्ज घेऊन वेळेवर फेडून दाखवायचं. वर्षं लागतील म्हणाला. मी रक्कम साठवली आणि उदगीरला गेले. कंपनीच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, ऑफिस लातूरला गेलं. लातूरला वातानुकूलित ऑफिसात टाय घातलेला एक मुलगा बसला होता, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा.

"पन मॅडम, हे सेटल झालंय की. आता कामून भरायलाव?"

"मला पूर्ण भरायचंय."

"माफ झालेलं?"

"व्हय."

त्यानं शेजारच्याला बोलावलं. दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. पैसे बुडवणारी माणसं त्यांनी खूप बघितली असावीत. त्यांच्यासाठी दारावर पहारेकरीही ठेवला होता. आपण होऊन भरायला आलेल्या बाईचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "सिस्टीममधी घ्यायची सोयच न्हाई," तो शेवटी म्हणाला. हप्ता थकला तेव्हा हीच कंपनी माझ्या वर्गापर्यंत माणसं पाठवत होती. मी नोटा घेऊन दारात गेले तर तिच्याकडे सोय नव्हती. पत्रं लिहिली. पुण्याला लिहिली, मुंबईला लिहिली. सहामाही परीक्षा झाली, वार्षिक झाली. शेवटी कुणीतरी वैतागून पैसे घेतले आणि दाखला दिला. मी तो मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "अब शुरू करते हैं."

शुरू म्हणजे काय, तर मी त्याच बँकेत माझे पैसे ठेव म्हणून ठेवायचे, त्या पैशांच्या आधारावर बँक मला कार्ड देणार, त्या कार्डानं मी उधारी करायची आणि बिल आलं की ताबडतोब भरायचं. माझेच पैसे माझ्याकडून उसने घेऊन मलाच वेळेवर परत करायचे, आणि ते बघून मुंबईतल्या कॉम्प्युटरनं म्हणायचं, बाई सुधारली. जन्मात कुणाचं चार आणे न ठेवलेल्या मला चाळिशी ओलांडल्यावर उधारीचा अभ्यास करावा लागला.

त्यातही कमलनगरला कार्ड घेणारं दुकानच नव्हतं. शेठला दाखवलं तर त्यानं ते उलटंसुलटं करून विचारलं, "ह्याच्यावर फोटो न्हाई का?" म्हणून मग मी महिन्यातून एकदा रेल्वेनं बीदरला जायचे आणि खर्च करून यायचे. कधी चादरी, कधी कुकर, कधी नवऱ्याची चप्पल. दुकानातलं मशीन फोनच्या तारेला जोडलेलं, कुईकुई आवाज करत बसायचं. मागं गिऱ्हाइकं खोळंबायची आणि रोख पैसे मुठीत धरून माझ्याकडे कीव केल्यासारखी बघायची. एका बाईनं विचारलंही, "पैसे कमी पडले का, अक्का?"

पुढच्या वर्षी एक मिक्सर हप्त्यावर घेतला. घरात चांगला चालणारा मिक्सर होता. नवरा म्हणाला, "दोन मिक्सर कशाला?" मी म्हटलं, "एक चटणीला आणि एक इज्जतीला." तो हसला. पण हप्त्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुकान लवकर बंद करून तो स्वतः बँकेत पैसे भरून यायचा. मला न विचारता. त्याच्या बाजूनं बोलायचं तर एवढं बोलायला हवं.

हे चाललेलं असतानाच दिवाळीला आत्याबाई आमच्याकडे आल्या. दोन दिवस चिवडा-लाडू करण्यात गेले. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना म्हणाल्या, "अण्णा टिप्पर घ्यायलाय. तुझं ते मार्काचं आता बरं व्हायलंय म्हनं."

"कुणी सांगितलं?"

"अण्णाच म्हनला. म्हनला, मास्तरणीनं नाव नीट करून घेतलं, चांगलं केलं. आता घरच्याच कामाला येतंय."

मी हातातली परात खाली ठेवली. मला वाटलं होतं, या माणसाबद्दल मला आता आश्चर्य वाटणार नाही. जी जखम त्यांनी केली ती बरी व्हायला लागताच त्यांना तिच्यात पुन्हा सहीची जागा दिसली होती. मी हात पुसले, दुकानात फोन केला, नवऱ्याला घरी बोलावलं आणि आत्याबाईंसमोर त्याला म्हटलं, "तुमच्या भावाला तुम्ही सांगा. आज. माझ्यासमोर."

त्यानं फोन लावला. "अण्णा, ती सही करणार न्हाई," तो म्हणाला. पलीकडून बराच आवाज आला. नवरा ऐकत राहिला. मग म्हणाला, "न्हाई अण्णा, ती न्हाई म्हनून न्हाई. मी बी न्हाई म्हनायलोय." आणि फोन ठेवून तो अंगणात जाऊन उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. आत्याबाई त्याच दुपारच्या जीपनं परत गेल्या. जाताना चिवड्याचा डबा घ्यायला विसरल्या नाहीत.

दीड-दोन वर्षांनी मॅनेजर बदलून गेला आणि त्याच्या जागी आलेल्या बाईनं माझा स्कोअर बघून मला चहा दिला. चहाचा आग्रहही केला. "मॅडम, तुमचं रेकॉर्ड एकदम क्लीन आहे," ती म्हणाली. माझं रेकॉर्ड घाण होतं तेव्हाही मी हीच होते आणि हीच साडी नेसत होते. कर्ज मंजूर झालं.

त्याच महिन्यापासून फोन यायला लागले. मॅडम, तुमच्यासाठी खास कर्ज आहे. मॅडम, कार घ्या. मॅडम, फॉरेनला फिरून या. एकदा एका मुलीनं गोड आवाजात कंपनीचं नाव सांगितलं. तीच, उदगीरची. म्हणाली, तुम्ही आमच्या जुन्या आणि विश्वासू ग्राहक आहात. मी तिला विचारलं, "जीपसाठी देता का?" ती आनंदानं म्हणाली, "हो मॅडम, जामीनदाराचीही गरज नाही!" मी फोन ठेवला. तिचा काय दोष, ती पोटासाठी बोलत होती.

नौबादला दोन खोल्या झाल्या, वर पत्रे, पुढे ओटा. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे; ते मी मागितलं नाही, नवऱ्यानंच तसं लिहून घेतलं. तो रोज रेल्वेनं दुकानाला जातो, मी शाळेला. अण्णांचं टिप्पर कुणाच्या तरी सहीवर आलं, आणि कुणाच्या ते मी विचारलं नाही. सासरे गेल्यावर आत्याबाईंना गुडघ्यांमुळे शेतावरचं घर झेपेना, आणि टिप्परच्या धंद्यात गुंतलेल्या अण्णांना आई झेपेना. म्हणून त्या आता आमच्याकडे असतात.

संध्याकाळी त्या ओट्यावर बसतात. शेजारणी जमतात, कुणी मराठी, कुणी कन्नड, कुणी दोन्ही मिसळून बोलणाऱ्या. कुणी नवी आली की आत्याबाई पत्र्यांकडे, फरशीकडे, खिडक्यांच्या जाळ्यांकडे हात करून कन्नडमध्ये सांगतात की हे घर आपल्या लेकानं बांधलं. कोणत्या लेकानं, ते त्या सांगत नाहीत. मी दूध उतू जाईल म्हणून आत जाते.